गवय कोण दाखवतो? मुंबईतली विज्ञान-व्याख्यानं, निसर्ग-सहली आणि आपण

विषय मुंबईचा आणि व्याख्यान यवतमाळात, याची काहींना गंमत वाटली असेल. पण मुंबईबद्दल मुंबईच्या बाहेर बोललं की काही गोष्टी जास्त स्पष्ट दिसतात, असा माझा अनुभव आहे. शिवाय मी तत्त्वज्ञानाचा माणूस, विज्ञानाचा नव्हे. त्यामुळे आज मी तुम्हाला विज्ञान सांगणार नाही. विज्ञान लोकांना सांगायची पद्धत आपल्याकडे कशी पडली, ती व्याख्यानाच्या सभागृहातून रानात कधी गेली आणि या सगळ्यात ऐकणाऱ्याची जागा काय होती, हा आजचा विषय.

सुरुवात मात्र मी फार मागून करणार आहे. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पहिली दोन आणि शेवटचं आपल्याला सहज कळतं. डोळ्यांनी पाहिलं ते प्रत्यक्ष, धूर पाहून आग ओळखली ते अनुमान, आणि विश्वासू माणसानं सांगितलं ते शब्द. उपमान मात्र विद्यार्थ्यांना नेहमी चुकल्यासारखं वाटतं. वर्गात ते आम्ही घाईघाईनं उरकायचो, परीक्षेत पाच मार्कांपलीकडं त्याला किंमत नसायची. त्याचं ठरलेलं उदाहरण असं आहे. शहरात राहणारा एक माणूस. त्यानं 'गवय' हा शब्द ऐकलाय, पण जनावर पाहिलेलं नाही. त्याला एक रानातला माणूस सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे कधीतरी हा शहरी माणूस रानात जातो, गाईसारखं एक जनावर त्याला दिसतं, आणि त्याच्या डोक्यात लखकन येतं: हाच तो गवय! म्हणजे आपला रानगवा. काही लोक त्याला रोही म्हणतात, आणि रोही काय असतो हे तुरीचं पीक घेणाऱ्याला मी सांगायला नको.

आता या उदाहरणात काय काय आहे ते बघा. एक व्याख्यान आहे, छोटंसं, एका वाक्याचं. मग एक सहल आहे. आणि ज्ञान कुठे पूर्ण होतं? व्याख्यानात नाही आणि नुसत्या पाहण्यातही नाही. ऐकलेलं आणि पाहिलेलं जिथे एकमेकांना भेटतं तिथे. आणखी एक गोष्ट, जी आमच्या टीकाकारांच्या फारशी लक्षात आलेली दिसत नाही. या गोष्टीत व्याख्याता कोण आहे? रानातला माणूस. आणि विद्यार्थी शहरातला. ही दिशा लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या इतिहासात ती उलटलेली दिसेल.

चला मुंबईला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढलं, १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक काढलं. पाश्चात्त्य ज्ञान मराठीत आणायचं काम तिथे छापखान्यातून सुरू झालं होतं. कुलाब्याला वेधशाळा होती, केरो लक्ष्मण छत्र्यांसारखा गणिती तिथेच लहान वयात कामाला लागला. पण आपल्याला छापील मजकूर नको, बोलणं हवं आहे. ते सुरू होतं १८४८ मध्ये.

त्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये प्रोफेसर पॅटन यांच्या पुढाकारानं विद्यार्थ्यांची एक साहित्य आणि शास्त्र सभा निघाली. वीस-बावीस वर्षांची पोरं निबंध वाचायची, चर्चा करायची. हे इंग्रजीत. पण लगेच त्याच वर्षी तिच्या दोन देशी भाषांतल्या शाखा निघाल्या, एक गुजराती, एक मराठी. गुजरातीत दादाभाई नौरोजी वगैरे मंडळी. मराठी शाखेचं नाव ज्ञानप्रसारक सभा आणि तिचे पहिले अध्यक्ष दादोबा पांडुरंग तर्खडकर. हेच ते दादोबा, ज्यांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. म्हणजे विज्ञानाचं सार्वजनिक व्याख्यान मराठीत सुरू झालं ते एका व्याकरणकाराच्या अध्यक्षतेखाली. मला यात योगायोग दिसत नाही. कारण पहिली अडचण शब्दांचीच होती. आज आपण प्राणवायू, वक्रीभवन, गुरुत्वाकर्षण असं सहज म्हणतो. त्या काळी बोलायला उभं राहायचं तर आधी शब्द घडवायचा, मग तो वाक्यात बसवायचा, मग समोरच्याचा चेहरा बघायचा. कळला तर ठीक, नाही तर दुसरा शब्द. सभागृहात शब्दाची परीक्षा लगेच होते. पुस्तकात ती होत नाही, वाचक गुपचूप पान उलटतो.

या सभेचं मासिक 'मराठी ज्ञानप्रसारक' १८५० पासून १८६७ पर्यंत चाललं. सतरा वर्षं. आजच्या कुठल्याही मराठी नियतकालिकाच्या संपादकाला विचारा, सतरा वर्षं म्हणजे काय. याच विद्यार्थ्यांच्या सभेनं १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळाही काढल्या. ज्ञान सांगायला निघालेल्या माणसाला ऐकणारे कोण नाहीत हे दिसायला लागतं, त्याचा हा पुरावा.

पण एक उणीव होती. या सभेत रसायन होतं, खगोल होता, भूगोल होता, आणि सगळं कागदावरून वाचलेलं. श्रोता खुर्चीतून उठत नव्हता. न्यायाच्या भाषेत सांगायचं तर नुसतं शब्दप्रमाण. गवय गाईसारखा असतो, एवढं सांगून सभा बरखास्त.

आणि तेव्हा आपण कुठे होतो? १८४८ मध्ये वऱ्हाड निजामाच्या राज्यात होतं. इंग्रजांच्या ताब्यात आलं ते १८५३ मध्ये. आपला जिल्हा पुढे झाला आणि १९०५ पर्यंत त्याचं नाव यवतमाळ नव्हतं, सरकारी दप्तरात 'वून', म्हणजे वणी, असं होतं. त्यानंतरही मध्य प्रांत, मग १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, मग १९६० चा महाराष्ट्र. मुंबईत मराठीतून विज्ञान बोललं जाऊ लागलं त्यानंतर शंभरावर वर्षांनी आपण आणि मुंबई एका राज्यात आलो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. 'महाराष्ट्रातली प्रबोधनाची परंपरा' असं आपण एका दमात म्हणून टाकतो तेव्हा हा हिशेब विसरतो, इतकंच.

आता दुसरी गोष्ट. १५ सप्टेंबर १८८३. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, ज्याला आज आपण डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो, आठ माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठांपैकी सहा युरोपीय, दोन आपले. दोघेही डॉक्टर. एक सखाराम अर्जुन, ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे. रखमाबाईंचे सावत्र वडील, ज्यांनी त्या मुलीला शिकवलं आणि नको असलेल्या नवऱ्याकडे जायला तिनं नकार दिला तेव्हा तिच्या पाठीशी उभे राहिले. सोसायटी निघाल्यावर दोन वर्षांत ते वारले. दुसरे आत्माराम पांडुरंग तर्खडकर. आडनाव ओळखीचं वाटलं? दादोबांचे धाकटे भाऊ. १८६७ मध्ये प्रार्थना समाज ज्यांच्या घरी स्थापन झाला ते.

एकाच घरातले दोन भाऊ. थोरला १८४८ मध्ये मराठी व्याख्यानांच्या सभेचा अध्यक्ष, धाकटा १८८३ मध्ये निसर्ग-निरीक्षकांच्या सभेचा संस्थापक. एकाकडे शब्द, दुसऱ्याकडे प्रत्यक्ष. या दोन संस्थांची गाठ तेव्हाच पडली असती तर किती बरं झालं असतं! पण पडली नाही. दादोबा १८८२ मध्ये वारले होते, ज्ञानप्रसारक त्याआधीच बंद पडलं होतं, आणि निसर्गाच्या सोसायटीचा कारभार इंग्रजीत चालला. १८८६ पासून तिचं जर्नल निघायला लागलं, तेही इंग्रजीत. ते उत्तम आहे, जगात त्याला मान आहे. पण रानात जाणाऱ्यांची भाषा एक आणि सभागृहात ऐकणाऱ्यांची भाषा दुसरी, ही फाळणी तिथे झाली आणि पुढे पाऊणशे वर्षं टिकली.

सोसायटीचे सुरुवातीचे दिवस मात्र मजेदार आहेत. फिप्सन नावाचा एक दारूचा व्यापारी होता, त्यानं आपल्या जागेत सोसायटीला खोली दिली. तिथे कपाटं, बरण्या, पेंढा भरलेले पक्षी, आणि एक जिवंत धनेश. त्याचं नाव विल्यम. सव्वीस वर्षं तो त्या कचेरीत राहिला, १९२० मध्ये मेला, आणि आज सोसायटीच्या बोधचिन्हावर आहे. आमच्या कॉलेजच्या कचेरीत सव्वीस वर्षं राहिलेले काही लोक होते, त्यांचं कुणी बोधचिन्ह केलं नाही. (हशा)

१९०८ मध्ये एक शाळकरी मुलगा छऱ्याच्या बंदुकीनं मारलेली एक वेगळीच चिमणी घेऊन सोसायटीत गेला. गळ्यावर पिवळा ठिपका होता. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याला हाकलून न देता चिमणीचं नाव सांगितलं आणि कपाटं उघडून पक्ष्यांचा संग्रह दाखवला. तो मुलगा म्हणजे सलीम अली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट पुढची आहे. १९२६ मध्ये सलीम अलींना प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्ग-विभागात नोकरी मिळाली. पद होतं 'गाइड लेक्चरर', पगार महिना साडेतीनशे रुपये. पेटीत मांडलेल्या प्राणिपक्ष्यांपाशी लोकांना न्यायचं आणि समजावून सांगायचं. म्हणजे शब्द आणि प्रत्यक्ष एकत्र आणणारी, माझ्या मते अतिशय महत्त्वाची अशी सरकारमान्य नोकरी. दोन वर्षांनी ते रजा घेऊन जर्मनीला शिकायला गेले. परत आले तर पैशाअभावी ते पदच रद्द झालेलं! मग ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि दारातल्या झाडावरच्या सुगरणींचा संसार पाहत बसले. त्यातून पक्षिशास्त्राचं भलं झालं हे खरं. मुंबईच्या श्रोत्यांचं काय झालं, हे कोणी विचारत नाही. संस्थांमध्ये काटकसर आली की पहिली कुऱ्हाड लोकांशी बोलणाऱ्या माणसावर पडते. शंभर वर्षांनंतरही यात फरक पडलेला मला दिसत नाही.

दरम्यान १९११ पासून सोसायटीनं देशातल्या सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी हाती घेतली. खानदेशात, आपल्या वऱ्हाडात माणसं फिरली, प्राणी गोळा केले, कातडी भरली, मुंबईला आणि लंडनला पाठवली. त्या कामात रानातले वाटाडे असणारच, त्यांच्याशिवाय ते शक्यच नाही. गवय दाखवणारा माणूस म्हणजे तोच की. पण शास्त्रीय नामाच्या शेवटी नाव लागतं ते वर्णन लिहिणाऱ्याचं. नमुने गेले आणि त्यांच्याबद्दलची माहिती इथल्या लोकांच्या भाषेत परत आली नाही.

ही फाळणी मोडली ती दोन बाजूंनी. सृष्टिज्ञान मासिक १९२८ मध्ये पुण्यात निघालं. १९४४ मध्ये पुण्यातच ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली, हौशी आकाशनिरीक्षकांची. मग २४ एप्रिल १९६६ ला मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. दादोबांच्या सभेचा खरा वारस मी परिषदेला मानतो. गावोगावी शाखा, दरवर्षी अधिवेशन, पत्रिका, व्याख्यानं, विज्ञानकथांची स्पर्धा. १९७४ च्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावानं एक कथा आली, तिला पहिलं बक्षीस मिळालं, आणि नंतर कळलं की लेखक जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी लावली होती. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला आपलं मराठी आपल्या नावाशिवाय तोलून बघावंसं वाटलं, ही गोष्ट मला त्यांच्या सिद्धान्तांइतकीच आवडते. पुढे पुण्यात आयुका उभी राहिल्यावर शाळेतल्या मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं त्यांनी नेमानं सुरू ठेवली.

दुसऱ्या बाजूनं मुंबईची सामान्य माणसं बाहेर पडायला लागली. १९७७ मध्ये वरळीला नेहरू तारांगण आलं, १९८५ मध्ये नेहरू विज्ञान केंद्र. त्याच सुमारास हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून लोक वर बघू लागले. धूमकेतूनं आपल्याकडून निराशाच केली, फार फिका दिसला. पण त्या निमित्तानं जमलेल्या तरुणांनी खगोल मंडळ काढलं आणि कर्जत लाइनवरच्या वांगणीला रात्र-रात्र आकाशदर्शन सुरू केलं. कल्पना करा, शनिवारी ऑफिस सुटल्यावर लोकल पकडायची, वांगणीला उतरायचं, सतरंजी अंथरायची, पहाटेपर्यंत नक्षत्रं बघायची आणि सकाळच्या गाडीनं परत. बँकेतले लोक, शिक्षिका, कारखान्यातले कामगार, मुलं. इथे व्याख्यान आणि सहल एकाच सतरंजीवर आले, आणि मराठीत.

याचा काय परिणाम झाला ते मोजणं कठीण आहे. पण एक तुलना करता येते. १६ फेब्रुवारी १९८० ला सूर्यग्रहण झालं, दक्षिणेत खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, रस्ते ओस, दारं बंद. १९९५ मध्ये पुन्हा ग्रहण आलं, २४ ऑक्टोबरला. या वेळी लोक काळे चष्मे घेऊन गच्चीवर. पंधरा वर्षांत भीतीची जागा कुतूहलानं घेतली. पण थांबा, फार खूश होऊ नका. त्याच १९९५ मध्ये, महिनाभर आधी, २१ सप्टेंबरला देशभर गणपती दूध पित होता! तेच लोक, तीच शहरं. पृष्ठताण समजावून सांगायला विज्ञानाचे शिक्षक चमचे घेऊन बसले, कार्यकर्त्यांनी दगडाला, चपलेला दूध पाजून दाखवलं, आणि रांगेतला माणूस म्हणाला, तुमचं खरं असेल, पण आमचा नंबर आलाय. मला त्या रांगेत व्याख्यानाची मर्यादा दिसते. ग्रहण लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पृष्ठताण मात्र त्यांना दुसऱ्या कुणीतरी सांगितला.

निसर्गाच्या बाबतीत मुंबईनं नंतर बरीच मजल मारली. मिठी नदीच्या काठी, धारावीच्या शेजारी कचरा टाकायची जागा होती, तिथे ३७ एकरांचं निसर्ग उद्यान उभं राहिलं. शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी यायला लागले तशी माणसंही यायला लागली. गोरेगावला, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, सोसायटीचं शिक्षण केंद्र आहे. रविवारी सकाळी दुर्बिणी गळ्यात घालून निघालेली मुंबईकर मंडळी पाहिली की मला आत्माराम पांडुरंगांची आठवण होते.

आणि मारुती चितमपल्लींची. ते मुंबईचे नव्हेत. सोलापूरचे, वन खात्यात नोकरी केली, नवेगावबांधला राहिले, मेळघाटात राहिले. मागच्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, ते गेले. त्यांनी काय केलं? गवयाच्या गोष्टीची दिशा पुन्हा सरळ केली. नवेगावचे माधवराव पाटील, ढीवर, गोंड, पारधी, यांच्याकडून पक्ष्यांची आणि झाडांची नावं ऐकली, ती टिपली, पडताळली आणि कोशात घातली. व्याख्याता रानातला आणि विद्यार्थी वन अधिकारी. वात्स्यायनानं 'आप्त' कोणाला म्हणावं याची व्याख्या दिली आहे: ज्यानं ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो. आणि पुढे तो म्हणतो की ही व्याख्या ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखीच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचं वाक्य आहे हे. आपल्या झरी-जामणीच्या कोलामाला ते लागू करायला आपल्याला अजून जड जातं.

आता मी आपल्या जिल्ह्यात येतो. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ टी-वन वाघीण मारली गेली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लावले गेले होते. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलं होतं. ती मेल्यावर गावांमध्ये फटाके वाजले आणि मुंबईत, पुण्यात निषेधाचे मोर्चे निघाले. शहरातल्या लोकांनी तिला 'अवनी' म्हटलं. गावातल्या लोकांसाठी ती वाघीण होती.

मी इथे न्यायनिवाडा करायला उभा नाही. ज्या पद्धतीनं ती मारली गेली त्यावर गंभीर प्रश्न विचारले गेले आणि ते विचारायलाच हवे होते. माझा मुद्दा वेगळा आहे. मोर्च्यात चालणारा मुंबईकर खोटा नव्हता. पंचवीस-तीस वर्षं व्याख्यानं ऐकून, सहली करून त्याला वाघाबद्दल खरं ज्ञान आणि खरं प्रेम निर्माण झालं होतं. फक्त त्याची सहल रविवारी संध्याकाळी संपत होती. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईची सहल संपत नाही. तिचं प्रत्यक्ष जास्त आहे, पण तिला व्याख्यानाला कोणी बोलावलं नाही, ऐकायला नाही आणि द्यायला तर नाहीच. दादोबांच्या सभेपासून हेच चालू आहे: एकाकडे शब्द, दुसऱ्याकडे प्रत्यक्ष. फरक इतकाच की तेव्हा नुकसान ज्ञानाचं होत होतं आणि बोराटीत माणसांचं आणि वाघिणीचं झालं.

लगेच पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, आपल्याच टिपेश्वरमधून एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून तो कुठे जातो ते कळत होतं. तेलंगणात शिरला, परत आला, मराठवाड्यातून, विदर्भातून चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळं मिळून तीन हजार किलोमीटरच्या आसपास चालला. शेतांतून, कालव्यांवरून, रस्ते ओलांडून, बहुतेक रात्री. शास्त्रज्ञांकडे त्याच्या मार्गाचे ठिपके आहेत, नकाशावर. त्या ठिपक्यांच्या मधल्या रात्री ओलित करायला मोटर चालू करून बांधावर बसलेल्या किती जणांनी त्याला पाहिलं असेल, त्यांनी काय केलं, काय ओळखलं, कशावरून ओळखलं, हे कोणीतरी जाऊन विचारायला हवं. ते लोक अजून आहेत. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर, चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, आपल्याकडे सरकारी पक्षी सप्ताह असतो. ऐन कापूस वेचणीचे दिवस. तेव्हा शाळांनी मुलांना दुर्बीण देऊन तळ्यावर न्यावंच, पण एक दिवस वही देऊन या बांधावरच्या लोकांकडेही पाठवावं, आणि पुढच्या वर्षी याच मंचावर त्यांच्यातल्या कोणाला तरी बोलवावं. मी समोरच्या खुर्चीत बसायला तयार आहे.

आता प्रश्न घेऊ.